पूजेत मांडलेला प्रबंध

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी वहीत चार ओळी लिहिते. आज तिथी कोणती, नैवेद्याला काय केलं, कोण येऊन गेलं, एवढंच. पण गेल्या सहा वर्षांच्या वह्या काढून बघितल्या, तर चारांतल्या दोन ओळी माझ्या नणंदेवरच निघतील. म्हणून म्हटलं, एकदाच काय ते त्यांच्यावर सलग लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं.

नीलांबरीताई ह्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. पुण्यात बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून इथे जर्मनीत एर्लांगेनला पीएचडी करायला आल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, “विभा, तीन महिने तुमच्याकडे राहते, तोवर खोली बघते.” त्या तीन महिन्यांत आमची अन्वी तिसरीतून नववीत गेली.

पीएचडीचा विषय त्यांनी मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात म्हणे एका तऱ्हेच्या गोष्टींचं पेवच फुटलं होतं. त्यात गोष्ट माणूस सांगत नाही. नाणं सांगतं, कोट सांगतो, टाचणी सांगते, भाड्याची घोडागाडी सांगते, नाहीतर कुण्या बड्या बाईच्या मांडीवरचं कुत्रं सांगतं. नाणं ह्या खिशातून त्या खिशात फिरतं आणि ज्याच्या खिशात जाईल त्याचं सगळं बघून ठेवतं.

मी लाटणं खाली ठेवलं. “अहो ताई, म्हणजे आत्मवृत्त! ‘मी फाटकी छत्री बोलतेय.’ आम्हांला दहावीला यायचं की हे. त्यावर पीएचडी?”

“तेच, पण तसं नाही,” त्या म्हणाल्या. “आपली छत्री काय करते आठव. रडते. आधी दुकानात नवी कोरी होते, मग वापरली जाते, मग फाटते, मग अडगळीत पडते, आणि शेवटी ‘मुलांनो, मला विसरू नका’ म्हणते. ह्यांचं नाणं रडत नाही. ते बिंगं फोडतं. वकील किती खोटारडा, डॉक्टर किती हावरट, सरदाराच्या घरात आतून काय चाललंय. चार माणसांत जे बोलायची सोय नव्हती, ते टाचणीच्या तोंडून बोललं की खपून जायचं.”

“मग लिहा ना हे! आपल्याकडचा निबंध त्या इंग्रजांकडूनच आला असणार. केवढं नवीन होईल.”

“पुरावा कुठाय?”

“पुरावा काय? दिसतंय की.”

“दिसतंय म्हणजे पुरावा नव्हे, विभा. तो मधला दुवा मला सापडलेला नाही. नाही लिहिणार.”

नाहीच लिहिलं. सहा वर्षांत दहा वेळा मी तो विषय काढला असेन, दहाही वेळा “पुरावा कुठाय?” हेच उत्तर आलं. ताईंच्या स्वभावाची सगळी किल्ली त्यातच आहे. खोटा म्हणून एक शब्द लिहायचा नाही आणि अर्धवट खरा तर त्याहून नाही. ऐकायला फार छान वाटतं. घरात वागवून बघा.

त्यात गंमत अशी, की ज्या बाईने सहा वर्षं वस्तूंचं म्हणणं ऐकण्यात घालवली, तिच्या हातात एक वस्तू धड राहत नाही. माझा पाय चुकून केरसुणीला लागला तरी मी नमस्कार करते. ताई माझ्या पोथीवर चहाचा मग ठेवतात. छत्री बसमध्ये, चष्मा वाचनालयात, किल्ली कुलपालाच. सायकलवरून स्टेशनला जातात, येताना विचारांच्या तंद्रीत बसने घरी येतात आणि सायकल चोरीला गेली म्हणून ह्यांना पोलिसांत पाठवतात. एर्लांगेनच्या फुंडब्यूरोत, म्हणजे हरवलेल्या वस्तू जमा होतात त्या ऑफिसात, माझी आता ओळख झाली आहे. तिथली बाई मला बघितलं की विचारते, “आज काय? हातमोजे?”

एकदा मी वैतागून म्हटलं, “ताई, तुमची छत्री बोलायला लागली ना, तर सगळी बिंगं तुमचीच फुटतील.”

तर म्हणतात कशा, “छत्र्या बोलत नाहीत विभा. माणसं छत्र्यांच्या आडून बोलतात. प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच आहे.”

डोकं आपटावं का भिंतीवर?

पण हे सगळं मी सोसलं असतं. खरं दुखणं वेगळंच होतं. ताईंचा प्रबंध लिहून होत होता, आणि देऊन होत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात पहिल्यांदा तयार झाला. मी लापशी केली. ताई विद्यापीठाच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. का, तर बसमध्ये उघडून बघताना एका उताऱ्याचं साल चुकलेलं दिसलं. मुदत वाढवून घेतली. गेल्या वर्षी मार्गशीर्षात पुन्हा तयार झाला. ह्या वेळी जिन्यातूनच परत आल्या, एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती बघायची राहिली होती. पुन्हा मुदत. लापशी दोन्ही वेळा आम्ही चौघांनी गप्प बसून खाल्ली.

मग यंदा आषाढात विद्यापीठाचं पत्र आलं. दोन ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी बारापर्यंत बांधलेल्या चार प्रती आणून द्या. त्यानंतर मुदत नाही, नाव कमी. आणि नाव कमी झालं की इथे राहण्याचा परवानाही जाणार, कारण तो पीएचडीवरच मिळालेला. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्रेपन्नाव्या वर्षी ताई हात हलवत पुण्याला परत जाणार, नोकरी तर आधीच सोडलेली. आणि जो भेटेल तो विचारणार, “काय हो, त्या जर्मनीच्या पीएचडीचं काय झालं?” त्या काही बोलल्या नसत्या. नुसत्या खचल्या असत्या. चिडचिड माझी कितीही होवो, ते मला बघवलं नसतं.

कॅलेंडर बघितलं. दोन ऑक्टोबरला दसरा. मी मनात म्हटलं, आई जगदंबे, एवढं पार पाड.

बुधवारी, खंडेनवमीला, चार प्रती बांधून येणार होत्या. ताईंना एकटं पाठवण्याची माझी छाती नव्हती. शाळा सुटल्यावर अन्वीला बरोबर दिलं आणि बजावलं, “पिशवी तू धरायची. आत्याच्या हातात द्यायची नाही.”

“जा, जा, मामा,” ती म्हणाली. हो, हो, आई. आमच्याकडे मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

अडीच वाजता चारही प्रती घरी आल्या. निळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं, एकेक प्रत गुरुचरित्राएवढी जाड. ताईंनी त्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि वरच्या प्रतीला हात घातला.

“ताई, उघडू नका.”

“नुसती पानं नीट लागलीत का बघते.”

“पानं त्यांनी बघितलीत. तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या.”

जेवल्या आणि फोन आला म्हणून आत गेल्या. मी खंडेनवमीची पूजा मांडत होते. पाटावर लाल वस्त्र, त्यावर माझं शिवणयंत्र, विळी, ह्यांचं ड्रिल मशीन, अन्वीची कंपासपेटी. आपण ज्यावर पोट भरतो आणि ज्याने शिकतो, त्या सगळ्याला त्या दिवशी विश्रांती. पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाही, पुस्तक असेल तर उघडायचं नाही. मी टेबलाकडे बघितलं. मग चारही प्रती उचलल्या, पाटावर मधोमध मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर शेवंतीचं फूल ठेवलं. उदबत्ती जरा जास्तच लावली गेली असावी, कारण छताचा धुराचा भोंगा वाजला. खुर्चीवर चढून तो बंद केला आणि खाली उतरून हात जोडले.

खरं सांगते, त्यात निम्मी भक्ती होती आणि निम्मा कावेबाजपणा.

पाच वाजता ताई बाहेर आल्या.  त्यांचा तो चेहरा मी याआधी दोनदा बघितला होता.

“विभा, माझ्या कॉप्या कुठायत?”

“पूजेत.”

“बरं. एक काढते.”

“काढायची नाही. उद्या उत्तरपूजा झाली की चारही घ्या.”

“अगं, चूक आहे! पान दोनशे बारा.”

“तुम्हांला काय माहीत? प्रत तर इथे आहे.”

“लॅपटॉपवर बघितलं ना.”

लॅपटॉप पूजेत ठेवायचा राहिला, ही माझी घोडचूक.

चूक काय, तर ऐका. एका जुन्या गोष्टीत तपकिरीची डबी बोलते. ती बारा मालकांच्या हातून जाते. ताईंचं अख्खं चौथं प्रकरण असं म्हणतं, की ह्या गोष्टींमध्ये वस्तू विकली जाते, चोरली जाते, हरवते, गहाण पडते, पण मायेने कुणी कुणाला देत नाही. दोनशे बाराव्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, की एका विधवेने ती डबी विकली. आणि आज दुपारी, उगाच म्हणून, त्यांनी मूळ पान पुन्हा वाचलं. विधवेने डबी विकलेली नव्हती. आजारपणात उशाशी बसणाऱ्या शेजारणीला दिली होती.

“बरं, मग?” मी म्हटलं.

“मग काय? माझं प्रकरण पडलं ना!”

“एका बाईने एक डबी शेजारणीला दिली म्हणून?”

“एक का असेना, दिली ना! मी लिहिलंय, कुणी कधी देत नाही. ते खोटं आहे.”

“बाकीच्या पन्नास गोष्टींत देतात का?”

“नाही.”

“मग?”

“मग ‘कधीच नाही’ म्हणता येत नाही, ‘क्वचित’ म्हणायला हवं. आणि का क्वचित, ते दोन पानांत मांडायला हवं. मी आज लिहिते, उद्या छापायला देते—”

“आणि बांधून कधी मिळणार?”

ताईंनी कॅलेंडरकडे बघितलं. परवा शुक्रवारी देशभर सुट्टी, मग शनिवार, रविवार. सोमवारच्या आत बांधून मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“मी पुन्हा मुदत मागेन,” त्या हळूच म्हणाल्या.

“मागा. पत्रात काय लिहिलंय ते वाचून दाखवू?”

तेवढ्यात हे कामावरून आले. मी म्हटलं, “अहो, तुम्ही तरी सांगा तुमच्या बहिणीला.” ह्यांनी पाटाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आल्झो… म्हणजे, ड्रिल मशीनसुद्धा उद्यापर्यंत नाही का?” एवढं विचारलं आणि कपडे बदलायला निघून गेले. अर्धा तास कपडे बदलत होते. अन्वीने मान वर न करता जर्मनमध्ये मत दिलं, की दोनशे बारावं पान जगात कुणीही वाचणार नाही, तेव्हा एगाल, काही फरक पडत नाही. ताईंना ते फार लागलं. म्हणाल्या, “मी वाचलंय ना.”

मी दिवा लावून शुभंकरोती म्हटली. ताई पाटासमोर जमिनीवर बसून राहिल्या. हात लांब केला असता तर प्रत हाताला आली असती. मी काही त्यांचा हात धरणार नव्हते.

“विभा, खरं सांग. हे धर्मात आहे की तुझ्या डोक्यात?”

“दोन्हीकडे आहे. तुमच्या घरचंच आहे. सासूबाईंनी मला शिकवलं. त्या दिवशी वर्तमानपत्रसुद्धा वाचू द्यायच्या नाहीत.”

“हो. लहानपणी मला ह्या दिवसाचा किती राग यायचा! तुझा नवरा शिरीष खूश असायचा, अभ्यास नाही म्हणून. मी माडीवर जाऊन चोरून वाचायचे.”

“बघा. म्हणजे खोड जुनीच.”

त्या हसल्या नाहीत. “आई असती तर काढू दिली असती का गं तिने?”

“नसती.”

“मी रडले असते तरी?”

“मग तर मुळीच नाही.”

ताईंनी हात मांडीवर घेतला आणि उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन गवार निवडायला बसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. निम्म्या शिरा तशाच ठेवल्या, ती गोष्ट वेगळी.

मला मात्र चैन पडेना. देवीला मी कुलूप म्हणून वापरलं होतं. जपाला बसले तरी तेच मनात. शेवटी तिला म्हटलं, आई, अपराध पोटात घाल. पण किल्ली उद्या सकाळपर्यंत तुझ्याकडेच ठेव.

दसऱ्याला साडेसहाला उठून उत्तरपूजा केली. घट उठवले, नऊ दिवसांत उगवलेलं पिवळंधमक धान सगळ्यांच्या कानामागे खोचलं. ह्यांनी ऑफिसला जाताना ते काढून खिशात ठेवलं, अन्वीने जिन्यातच. ताईंनी तसंच राहू दिलं. चारही प्रती कापडी पिशवीत भरून मी त्यांच्यापुढे धरल्या.

“तू धर,” त्या म्हणाल्या. “आणि माझ्याबरोबर चल. माझ्या हातात दिलीस तर मी अर्ध्या वाटेतून परत येईन.”

सहा वर्षांत मला ह्या बाईचं एवढं स्पष्ट बोलणं कधी आवडलं नव्हतं.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. ताई खिडकीशी. अख्ख्या वाटेत विधवा, शेजारीण आणि डबी. एका तरुण मुलाने उठून मला जागा दिली होती, तो ताईंचे हातवारे बघत होता. मी ‘हं, हं’ करत रामरक्षा म्हणत होते.

ऑफिसात आमच्यापुढे दोघं, मागे तिघं. खिडकीतल्या बाईने पहिली प्रत उचलली, तर कव्हरावरचं कुंकू तिच्या टेबलावर सांडलं. तिने बोट लावून बघितलं आणि विचारलं, हा मसाला आहे का?

हो म्हण की बाई आणि सुट! पण आमच्या ताई कसल्या. मसाला नव्हे, असं म्हणून त्यांनी शुद्ध जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची आणि पुस्तकांची पूजा करतात, त्याची पद्धत काय, ही हळद कुठली आणि कुंकू कशाचं करतात. मागचे तिघे घड्याळं बघायला लागले. खिडकीतली बाई त्यांच्या कानामागच्या धानाकडे बघत होती. शेवटी तिने कागदी रुमालाने चारही कव्हरं पुसून घेतली. मला ते बघवलं नाही, मी दुसरीकडे बघितलं.

मग तिने फॉर्म पुढे केला. इथे सही. ताईंनी पेन घेतलं आणि थांबल्या.

“एक दुरुस्तीचा कागद आत घालता येईल का? एकच पान?”

नाही, बाई म्हणाली. सुटा कागद चालत नाही. जशी बांधली आहे तशीच प्रत. हवी तर परत न्या, बारापर्यंत वेळ आहे.

पावणेअकरा झाले होते. ताईंनी माझ्याकडे बघितलं.  बोलायचं ते सगळं काल बोलून झालं होतं, आणि सही काही मला करता येणार नव्हती.

“गेनाऊ,” अगदी बरोबर, असं ताई स्वतःशीच म्हणाल्या. मग खिडकीतल्या बाईला विचारलं, “तोंडी परीक्षेत मला माझ्या प्रबंधातली चूक स्वतःहून सांगता येते का?”

बाईने चष्मा काढला. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसावं. तोंडी परीक्षेत तुम्हांला जे बोलायचं ते बोला, ती म्हणाली.

ताईंनी सही केली. बाईने शिक्का मारला, चारही प्रती उचलून मागच्या ढकलगाडीवर ठेवल्या आणि पोच दिली. ताईंनी तिची घडी घालून पर्समध्ये ठेवायला घेतली. मी हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने ती माझ्याकडे दिली.

बाहेर पायऱ्यांवर त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ताईंना रडू येणार. म्हणून मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, “झालं हो, ताई. दिलंत एकदाचं. चला, घरी श्रीखंड करून ठेवलंय. चक्क्याऐवजी इथल्या क्वार्कचं आहे, पण छान लागलंय.”

“तोंडी परीक्षा माघात असेल,” त्या म्हणाल्या. “मी उभी राहिले की पहिलं वाक्य हेच बोलणार. पान दोनशे बारा, ओळ सातवी, मी चुकले आहे. ती डबी विकली नाही, दिली.”

“अहो, पहिलंच वाक्य? आधी जरा नमस्कार-चमत्कार तरी!”

“नाही. आधी हेच. ते विचारायच्या आत मी सांगितलं पाहिजे.”

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आमची बस समोरून निघून गेली. पुढची वीस मिनिटांनी होती. त्या वीस मिनिटांत ताईंनी ते पहिलं वाक्य जर्मनमध्ये मला तीनदा म्हणून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा लांब होत गेलं.